माझ्याकडे तर चालतंय!

वर्डप्रेस बसवायला पाच मिनिटं लागतात, असं वर्डप्रेसवाले पहिल्यापासून सांगत आले आहेत. त्यांच्या माहितीपुस्तकात या पाच मिनिटांना 'सुप्रसिद्ध' असं विशेषणही लावलेलं असतं, आणि त्यात खोटं काही नाही. डेटाबेसचं नाव द्या, पासवर्ड द्या, साइटला काय म्हणायचं ते लिहा, बटण दाबा, झालं. अडचण आहे ती त्याच्या आधीच्या प्रश्नाची. बसवायचं कुठे? स्वतःच्या कॉम्प्युटरवर, की दूर कुठेतरी भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर? या प्रश्नावर लोकांनी वर्षं घालवलेली मी पाहिली आहेत. तेवढ्या अवधीत त्यांची घरं बांधून झाली, वास्तुशांत झाली, मुलं दहावी झाली. साइट आपली अजून 'लोकलवर'च.

ज्यांचा या भानगडीशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडं मागचं सांगतो. पूर्वी साइटवरची एक ओळ बदलायची तरी कोड लिहिणाऱ्या मुलाला फोन करावा लागे, आणि तो मुलगा नेमका पुण्याला इंटरव्ह्यूला गेलेला असे. मग मजकूर सांभाळणाऱ्या या प्रणाली आल्या आणि ज्याला वर्डमध्ये अर्ज टाइप करता येतो त्याला साइटही चालवता येऊ लागली. बेल्जियममध्ये शिकणाऱ्या ड्रीस बायटार्टचं द्रुपल २००१ सालचं. मॅट मलनवेग आणि माइक लिटल यांनी एका बेवारस पडलेल्या सॉफ्टवेअरचा धागा उचलून वर्डप्रेस काढलं ते मे २००३मध्ये. 'मांबो' नावाच्या प्रणालीवर काम करणारी मंडळी २००५मध्ये भांडून बाहेर पडली आणि त्यांनी जुमला थाटलं. (भांडून बाहेर पडणं आणि लगेच समांतर संस्था काढणं ही फक्त आपलीच परंपरा आहे, अशी तोवर माझी समजूत होती.) आज जगातल्या दर दहा साइट्समधल्या चार वर्डप्रेसवर चालतात. म्हणजे कुठे बसवायचं हा प्रश्न बऱ्याच जणांना पडत असणार.

घरी बसवायचं तर आधी घरच्या कॉम्प्युटरलाच सर्व्हर करावं लागतं. त्यासाठी अपाची, पीएचपी आणि डेटाबेस अशी तीन मंडळी लागतात. ती वेगवेगळी आणून एकमेकांशी बोलती करायची म्हणजे रविवार गेलाच. म्हणून जर्मनीतल्या 'अपाची फ्रेंड्स' या गटाने २००२मध्ये सगळ्यांची मोट बांधून झॅम्प नावाचं एकच पुडकं फुकट वाटायला सुरुवात केली. एक छोटी खिडकी, तीत 'स्टार्ट'ची बटणं. दाबलं की नाव हिरवं होतं. काही मशीनवर मात्र अपाची काही केल्या हिरवं होत नसे. खाली लाल अक्षरांत तक्रार येई, की ८० क्रमांकाचं पोर्ट आधीच कुणीतरी बळकावलं आहे. हा कुणीतरी पुष्कळदा स्काइप असे. परदेशातल्या मुलाशी रविवारी तासभर बोलता यावं म्हणून घरात घेतलेलं स्काइप आठवडाभर ८० नंबरच्या दारात ठाण मांडून बसे. त्याच्या सेटिंगमधली एक टिचकी काढली की ते निमूट बाजूला होई. पण ती टिचकी कुठे आहे हे कळेपर्यंत माणसाने अपाची चार वेळा काढून पुन्हा बसवलेलं असे. मे २०२५मध्ये स्काइपच बंद झालं. अपाचीला वाईट वाटलं नसावं.

घरच्या सर्व्हरचा स्वभाव मायाळू असतो. डेटाबेसच्या सर्वाधिकाऱ्याचं नाव 'रूट' आणि त्याचा पासवर्ड रिकामा. रिकामा म्हणजे काही न लिहिता पुढे चला. हे पुडकं फक्त सरावासाठी आहे, चारचौघांत वापरू नका, असं झॅम्पवाले स्वतःच सांगतात. पण घरात येतंय कोण? इंटरनेट गेलं तरी साइट चालू राहते. पान क्षणात उघडतं. चुकून सगळं पुसलं गेलं तर पुन्हा बसवा, पाच मिनिटं. कुणी बघत नसतं, कुणी हसत नसतं, भाडं नसतं.

आणि पत्ता तर फारच मजेदार. ब्राउझरमध्ये 'लोकलहोस्ट' असं लिहायचं. आकड्यांत हाच पत्ता १२७.०.०.१. ज्या मशीनवरून विचाराल तेच मशीन उत्तर देतं. निरोप नेटवर्कच्या तारेपर्यंतसुद्धा जात नाही, आतल्या आत वळून परत येतो. इंटरनेटच्या जुन्या पद्धतीत एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी. ते पुरेनासे झाले आणि फेब्रुवारी २०११मध्ये मध्यवर्ती साठ्यातले शेवटचे गठ्ठे वाटून संपले. तेव्हापासून पत्त्यांची अशी टंचाई, की जुने पत्ते विकतात, लिलावात जातात. पण १२७ने सुरू होणारे सगळेच्या सगळे, म्हणजे १,६७,७७,२१६ पत्ते फक्त स्वतःशी बोलण्यासाठी राखून ठेवलेले आहेत, आणि त्यांतला बहुतेकांच्या वापरात येतो तो एकच. जगाची एवढी ओढाताण चालली असताना स्वगताची सोय मात्र कुणी कमी केली नाही. हे मला आवडतं.

नव्याने बसवलेल्या वर्डप्रेसमध्ये पहिला लेख आपोआप आलेला असतो, जगाला नमस्कार करणारा. त्याखाली एक प्रतिक्रियाही असते. पूर्वी ती 'मिस्टर वर्डप्रेस' नावाच्या गृहस्थांची असे. पुढे त्यांचं नाव गेलं आणि नुसते 'वर्डप्रेसचे एक प्रतिक्रियाकार' उरले. लोकलवर या नमस्काराला भलतीच गंमत येते, कारण ज्याला नमस्कार केला ते जग तिथे फिरकूच शकत नाही. लेखक आपण, संपादक आपण, वाचक आपण, आणि प्रतिक्रिया वर्डप्रेसची. काही जणांना हा संसार इतका मानवतो की ते त्यातून बाहेरच येत नाहीत. आज फॉन्ट बदल, उद्या मथळ्याचा रंग, परवा नवी थीम. कवितांची साइट तीन थीम जुनी झाली तरी कविता आपल्या त्याच चार, रंग कसा दिसतो ते पाहण्यासाठी टाकलेल्या. माझं स्पष्ट मत आहे की लोकलवरच्या साइटला साइट म्हणूच नये. पण ते मत मी अशा माणसासमोर बोलत नाही; त्याचा चेहरा फार उजळलेला असतो.

आमच्या गावच्या वाचनालयाची साइट करायची ठरली तेव्हा मीही सुरुवात लोकलवरच केली. तेच शहाणपणाचं असतं. वाचनालयाचे कार्यवाह म्हणजे शाळेतले माझे मुख्याध्यापक. सर संस्कृत शिकवत. त्यांना लॅपटॉपवर साइट दाखवली. ग्रंथसंपदा, नियम, वर्गणीचे दर, संस्थापकांचा फोटो, सगळं त्यांनी बारकाईने पाहिलं, 'वर्गणी'तला रफार तपासला, आणि चष्मा कपाळावर सारून वरचा पत्ता वहीत उतरवून घेतला. मला वाटलं, सवय.

त्या रात्री वाचनालयाच्या व्हॉट्सॲप गटावर निरोप आला: 'आपले संकेतस्थळ तयार झाले आहे. सोबतच्या पत्त्यावर सर्वांनी पाहावे व सूचना कराव्यात.' सोबत लोकलहोस्ट. आणि सूचना आल्या! खजिनदारांच्या मोबाईलवर 'या साइटवर पोचता येत नाही' अशी इंग्रजीत पाटी दिसली. त्यांनी लिहिलं, मांडणी सुटसुटीत आहे, पण मजकूर अजून वाढवायला हवा. एका ज्येष्ठ सदस्यांनी नुसतंच अभिनंदन केलं, त्यांनी उघडूनही पाहिलं नसावं. कहर केला तो एका सदस्याच्या इंजिनिअरिंगला असलेल्या मुलाने. त्याच्या लॅपटॉपवर पत्ता चक्क उघडला, कारण झॅम्प त्याच्याकडेही होतं. आणि आपल्या वडिलांच्या वाचनालयाच्या पत्त्यावर त्याला स्वतःच्याच कॉलेज प्रोजेक्टमधला कॅन्टीनचा मेन्यू दिसला. मिसळ, साबुदाणा वडा, कटिंग. 'वाचनालयात आता चहाची सोय झाली का?' अशी पृच्छा गटावर आली, आणि तिला पाच अंगठे मिळाले.

दुसऱ्या दिवशी सरांनी बोलावून घेतलं.

"अरे, पत्ता तर सगळ्यांना एकच कळवला होता."

"हो सर, पण तो पत्ता ज्याचा त्याचा असतो. ज्याने उघडला त्याला त्याच्याच मशीनमधलं दिसतं."

सर जरा थांबले. "सगळ्यांचा एकच, आणि तरी ज्याचा त्याचा?"

"हो."

"आणि बाहेर शोधलं तर सापडत नाही?"

"नाही."

"हे उपनिषदात आहे," सर म्हणाले. "पण वाचनालयाच्या कामाचं नाही. लोकांना दिसेल असं काहीतरी कर."

लोकांना दिसायचं तर सर्व्हर भाड्याने घ्यायचा. वाचनालयाचं बजेट बेताचं, म्हणून सगळ्यात स्वस्त होस्टिंग, ज्यात एका सर्व्हरवर शेकडो साइट्स दाटीवाटीने राहतात. ही चाळच. खोली आपली, पण नळ सगळ्यांत एक. शेजारच्या खोलीत साड्यांचा सेल लागला की आपलं पान उघडायला वेळ लागतो, कारण त्यांच्याकडे पाहुणे फार. चाळीचा पत्ताही सगळ्यांचा मिळून एकच असतो. त्यामुळे कोपऱ्यातल्या एका भाडेकरूने बोगस औषधांच्या जाहिरातींचे ईमेल पाठवले, की पोस्टमन अख्ख्या चाळीची पत्रं संशयाने बघायला लागतो, आणि वाचनालयाने पाठवलेली 'पुस्तक परत करण्याची मुदत संपली' ही सूचना सभासदाच्या स्पॅममध्ये जाऊन पडते. सभासद त्याबद्दल तक्रार करत नाहीत.

हा सर्व्हर असतो कुठे? स्वस्तातला शोधत गेलं तर अनेकदा अमेरिकेत. म्हणजे वाचनालयापासून चार घरं सोडून राहणाऱ्या माणसाने 'आज वाचनालय उघडं आहे का' हे पाहायचं ठरवलं, तर त्याचा प्रश्न मुंबईला जातो, वर्सोव्यासारख्या ठिकाणी किनाऱ्याला लागलेल्या केबलमधून समुद्रात उतरतो, अर्ध्या पृथ्वीला वळसा घालून अमेरिकेत पोचतो, आणि 'सोमवारी बंद' हे उत्तर घेऊन त्याच वाटेने परत येतो. एका खेपेला पाव सेकंदाच्या आसपास लागतो. तो माणूस चालत गेला असता तर त्याला दारावरचं कुलूप दोन मिनिटांत दिसलं असतं, पण मग त्याने पृथ्वीला वळसा घातला नसता.

घरची साइट तिथवर न्यायची म्हणजे फायली चढवायच्या. त्यासाठी एफटीपी. ही पद्धत मूळ लिहिली ती अभय भूषण यांनी, एप्रिल १९७१मध्ये, एमआयटीत असताना. ते आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतले. इंटरनेटच्या पायाभरणीतला हा इतका भक्कम भारतीय दगड, पण आपल्याकडे अभिमानाच्या फॉरवर्डमध्ये त्याचा उल्लेख मला कधी आढळला नाही. तिथे पुष्पक विमानच जास्त. वर्डप्रेसच्या हजारो बारीकसारीक फायली एफटीपीने एकेक करून चढवत बसलं तर दुपार जाते. जाणकार सगळ्याची एक झिप करून वर नेतात आणि तिथे जाऊन उलगडतात.

आणि मग खरी मजा सुरू होते, कारण दूरचा सर्व्हर कुणाला ओळखत नाही.

पहिल्याच दिवशी सरांचा फोन. "अरे, संस्थापक दिसत नाहीत!" पाहिलं तर खरंच. मुख्य पानावर संस्थापकांच्या जागी रिकामी चौकट आणि एक फाटक्या कागदाचं चित्र. लॅपटॉपवर मात्र संस्थापक पगडीसह विराजमान. याचं कारण असं, की फायलीच्या नावाच्या शेवटी कॅमेऱ्याने जेपीजी ही अक्षरं मोठ्या लिपीत घातलेली होती आणि पानावर ती लहान लिपीत होती. विंडोजला असला फरक दिसतो, पण ते तो मनावर घेत नाही. तुम्हाला काय म्हणायचं आहे ते समजून घेतं आणि फोटो काढून देतं. दूरच्या सर्व्हरवर लिनक्स असतं. त्याच्या लेखी मोठ्या लिपीतला फोटो वेगळा आणि लहान लिपीतला वेगळा, आणि दुसरा तर त्याच्याकडे आलेलाच नाही. देवनागरीत वाढलेल्या माणसाला मुळात अक्षराला मोठं रूप आणि छोटं रूप असतं हेच अंगवळणी पडत नाही. आमच्या समितीत तर या प्रसंगाने वेगळंच वळण घेतलं. संस्थापकांचा फोटो मुद्दाम काढला गेला असं एका गटाचं म्हणणं पडलं, आणि तो गट कोणाचा हे दुसऱ्या गटाला आधीपासूनच ठाऊक होतं.

अशा वेळी लॅपटॉपवाल्याच्या तोंडून जे वाक्य निघतं ते जगभर एकच आहे: माझ्याकडे तर चालतंय! मराठीत, तमिळमध्ये, जर्मनमध्ये, सगळीकडे हे वाक्य त्याच दुखावलेल्या सुरात म्हटलं जातं, आणि ते शंभर टक्के खरं असतं. त्याच्याकडे चालतच असतं. घरच्या मशीनने त्याच्या सगळ्या सवयी पोटात घातलेल्या असतात.

कधीकधी तर ते चालणंच फसवं असतं. वर्डप्रेस आपला स्वतःचा पत्ता डेटाबेसमध्ये लिहून ठेवतं, एकदा नव्हे, दोनदा. आणि लेखांमधल्या चित्रांचे पत्ते त्याहून वेगळे, पूर्ण लिहिलेले. घरून डेटाबेस जसाच्या तसा नेला तर नव्या जागी गेलेली साइट मनाने अजून लोकलहोस्टवरच राहत असते. ते दोन पत्ते तेवढे बदलले तर पान येतं सर्व्हरवरून, पण त्यातली चित्रं ती पाहणाऱ्याच्याच मशीनवर शोधते. साइट करणाऱ्याला काहीच कळत नाही, कारण त्याच्या मशीनवर झॅम्प चालू असतं आणि चित्रं तिथे खरोखरच सापडतात. बाकी जगाला फाटके कागद. झॅम्प बंद करून पाहीपर्यंत तो ठामपणे सांगत राहतो की साइट झकास आहे. आणि हे पत्ते शोधून हाताने बदलायला जावं तर आणखी एक फास. काही सेटिंग्जमध्ये मजकुराच्या आधी त्याची लांबी लिहिलेली असते. पत्ता बदलला, लांबी तीच राहिली, की पीएचपी मोजून बघतं, हिशेब लागत नाही म्हणतं, आणि अख्खी सेटिंग फेकून देतं. ही लांबी मोजतात बाइट्समध्ये, त्यामुळे 'मराठी' हा शब्द इथे पाचाचा नसून पंधराचा भरतो.

मराठीचं निघालंच आहे तर अक्षरांबद्दल सांगतो. घरून सर्व्हरवर नेताना मराठी मजकुराचं जे होतं, ते ज्याने पाहिलं आहे तो विसरत नाही.

देवनागरीचं प्रत्येक चिन्ह युनिकोडच्या नेहमीच्या साठवणीत तीन बाइट्स घेतं. स्वर, व्यंजन, काना, वेलांटी, प्रत्येकाला तीन. आता मायएसक्यूएल या डेटाबेसची २०१८ सालच्या आठव्या आवृत्तीपर्यंतची मूळ सेटिंग 'लॅटिन-१' होती, म्हणजे एक बाइट म्हणजे एक युरोपी अक्षर. घरचा डेटाबेस नवा, युनिकोडवाला. दूरचा जुना, लॅटिनवाला. आणि मधे कुणी सांगणारं नाही. मग तो दूरचा डेटाबेस आपल्या प्रत्येक चिन्हाचे तीन तुकडे करून तीन वेगवेगळी अक्षरं म्हणून दाखवतो. पहिला तुकडा सगळ्यांचा एकच: डोक्यावर तिरका फटकारा मारलेला रोमन 'ए'. त्यामुळे पानभर नुसती 'ए'ची रांग. दुसरा तुकडा बहुतेकांचा एक अनोळखी चलनाचं चिन्ह. खरं नशीब ठरतं ते तिसऱ्या तुकड्यात. 'मराठी' हाच शब्द घ्या. 'म'च्या वाट्याला येतं वर्तुळातलं आर, म्हणजे नोंदणीकृत व्यापारचिन्ह. 'र'च्या वाट्याला तापमानाच्या अंशाचं चिन्ह. कान्याचा होतो तीन छेद चार, पाऊण. 'ठ'चा तिसरा तुकडा म्हणजे निव्वळ कोरी जागा. आणि शेवटची दीर्घ वेलांटी? तिच्या दुसऱ्या तुकड्याचं होतं जपानी येन आणि तिसऱ्याचं युरो.

म्हणजे नोंदणीकृत, अंश, पाऊण, कोरी जागा, येन, युरो. ह्रस्व वेलांटीला मात्र यातलं काही मिळत नाही. तिच्या नशिबी उलटं प्रश्नचिन्ह. मराठीत शब्दाच्या शेवटची वेलांटी दीर्घ लिहायची असा नियम असल्यामुळे वाचनालयाच्या ग्रंथसूचीत 'कादंबरी', 'कहाणी', 'चरित्रमालिका भाग दुसरा मराठी आवृत्ती' असल्या ओळींच्या कडेला परकीय चलन नुसतं लोंबत होतं. खजिनदारांनी ती यादी मन लावून पाहिली.

विचित्र वाटेल, पण अशी यादी दिसली तर पेढे वाटावेत. कारण बाइट्स सगळे शाबूत असतात. ते वाचण्याची रीत तेवढी चुकलेली असते. रीत दुरुस्त केली की येन-युरो मुकाट्याने पुन्हा वेलांटी होतात. भीती धरावी ती नुसत्या प्रश्नचिन्हांची. ज्या यादीत 'कादंबरी'च्या जागी ओळीने साधी प्रश्नचिन्हंच दिसतात, तिथे डेटाबेसने मूळ अक्षरं टाकून दिलेली असतात आणि त्या जागी आपलं अज्ञान नोंदवून ठेवलेलं असतं. तिथून मागे येता येत नाही. घरची प्रत असेल तरच वाचलात.

म्हणूनच दुसऱ्या पंथाच्या लोकांबद्दल मला नेहमी धास्ती वाटत आली आहे. हे लोक घरी काही बसवतच नाहीत. सरळ सर्व्हरवर जातात आणि चालू साइटवर, वाचक वाचत असताना, हात घालतात. त्यांचं काम चटकन होतं हे मान्य. त्यांच्या साइट्स दिसतात, वाचल्या जातात, हेही मान्य. पण त्यांच्या स्क्रीनवर कायम दोन खिडक्या उघड्या असतात, दोन्ही काळ्या, दोन्हींत तीच पांढरी अक्षरं, आणि कोणती कुठली हे त्यांच्या डोक्यात असतं. ३१ जानेवारी २०१७ला 'गिटलॅब' या कंपनीतल्या एका इंजिनिअरने रात्री उशिरा दमलेल्या डोक्याने डेटाबेसचं एक फोल्डर पुसायची आज्ञा दिली. पुसायचं होतं राखीव सर्व्हरवरचं. पुसलं गेलं चालू सर्व्हरवरचं. एकदोन सेकंदांत लक्षात येऊन त्याने हात आवरला तेव्हा ३०० जीबींपैकी साडेचार जीबी उरले होते. मग बॅकअप शोधायला गेले तर पाच प्रकारची सोय होती आणि पाचांतलं एकही धड चालत नव्हतं. सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी घेतलेली एक प्रत योगायोगाने पडून होती, तिच्यावर निभावलं. कंपनीने काही लपवलं नाही. दुरुस्तीचं काम यूट्यूबवर थेट दाखवलं. आपल्याकडे अशा वेळी आधी चौकशी समिती नेमली गेली असती.

आणि कधी आज्ञा कुणीच दिलेली नसते. १० मार्च २०२१च्या मध्यरात्रीनंतर फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला 'ओव्हीएच' कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली. एक पाच मजली इमारत जळून गेली आणि लाखो साइट्स बंद पडल्या. सुदैवाने माणसांना इजा झाली नाही. काही ग्राहकांचा बॅकअप होता, पण तोही त्याच आवारात. आपण ज्याला ढगात ठेवलं म्हणतो ते शेवटी पत्र्याच्या पेट्यांतलं विजेवर चालणारं सामान असतं, आणि त्याला आग लागते. त्या आठवड्यात कुणाच्या तरी जुन्या लॅपटॉपवर धूळ खात पडलेल्या झॅम्पने संस्थाच्या संस्था परत उभ्या केल्या असतील.

'माझ्याकडे तर चालतंय' या वाक्यावर मधल्या काळात उपाय निघाले. २०१३मध्ये डॉकर आलं. त्याचा विचार साधा आणि थोडा वैतागातून आलेला: तुझ्याकडे चालतंय ना? मग साइट नको पाठवूस, तिच्या भोवतालचं सगळं बिऱ्हाडच गुंडाळून पाठव. हे पुष्कळसं जमलं, फक्त आता बिऱ्हाड गुंडाळणाऱ्या डॉकरला बसवायचं कसं यावर लोक रविवार घालवतात. वर्डप्रेसवाल्यांनी तर अलीकडे आणखी पुढची मजल मारली. त्यांच्या 'प्लेग्राउंड'मध्ये अख्खं वर्डप्रेस ब्राउझरच्या एका टॅबमध्ये चालतं. झॅम्प नको, सर्व्हर नको, पाच मिनिटंही नकोत. जतन केलं नसेल तर टॅब बंद केला की सगळं नाहीसं. हे मी सरांना अजून सांगितलेलं नाही. ते याचंही मूळ उपनिषदात दाखवतील.

वाचनालयाची साइट शेवटी लाइव्ह झाली. अक्षरं आली, संस्थापक आले, दोन्ही गटांनी त्यांना हार घातल्याचा फोटो आला. पण गूगलवर वाचनालयाचं नाव शोधलं तर काही म्हणजे काही सापडेना. शोध घेता कळलं, की वर्डप्रेसच्या सेटिंगमध्ये 'सर्च इंजिनांनी इकडे येऊ नये' अशी एक चौकट असते, आणि खजिनदारांनी सुरक्षिततेचा उपाय म्हणून तीत टिचकी मारून ठेवली होती. गूगल सभ्य, पाटी वाचून परत गेलं होतं. असभ्यांना पाटी वाचता येत नाही. नवी वर्डप्रेस साइट कुठे उगवली की जगभरातले स्वयंचलित प्रोग्राम तिच्या लॉगिनच्या पानावर येऊन 'ॲडमिन' या नावाने एकामागून एक पासवर्ड लावून बघायला लागतात. आमच्याकडेही पहिल्याच आठवड्यात त्यांची रीघ लागली. कोण कुठून आलं याची नोंद होते, तिचा कागद सरांनी माझ्याकडून मागून घेतला.

वार्षिक सर्वसाधारण सभेच्या अहवालात मजकूर असा छापून आला: 'या वर्षी वाचनालयाचे संकेतस्थळ सुरू करण्यात आले. त्यास रशिया, ब्राझील, व्हिएतनाम आदी देशांतून अहोरात्र उत्तम प्रतिसाद लाभत आहे.' टाळ्या झाल्या. मी सरांच्या कानाशी लागून हे लोक कोण आहेत ते सांगितलं. आत शिरायला बघताहेत, शिरता येत नाही म्हणून पुन्हापुन्हा येताहेत, असं म्हणालो.

"आत यायचंय ना त्यांना?" सर म्हणाले. "मग त्या पानावर सभासदत्वाचा अर्ज ठेव. अनामत शंभर रुपये, आणि गावातल्या दोन सभासदांची शिफारस."